दोन पत्र्यांच्या मधला गंज

जुन्या इस्टेट गाडीच्या, म्हणजे मागे सामानासाठी छप्पर लांबवलेल्या स्टेशन वॅगनच्या, मागच्या चाकावरच्या कमानीला रंगाचा एक फुगा आलेला असतो, नाण्याएवढा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबला की पापडासारखा फुटतो आणि आतून तपकिरी भुसा गळतो. बहुतेक जण तेवढाच पत्रा घासतात, पुट्टी भरतात आणि रंग मारतात. वर्षभरात फुगा परत येतो, या वेळी तळहाताएवढा. कारण तो गंज बाहेरून लागलेला नसतोच. आत, दोन पत्रे एकमेकांवर चढवून जोडलेले असतात त्या सांध्यात तो वर्षानुवर्षं वाढत असतो आणि रंगाला फुगा येतो तेव्हा त्याचं काम जवळजवळ संपत आलेलं असतं. म्हणून घरी इस्टेट गाडी दुरुस्त करायची तर आधी सांधा समजून घ्यावा लागतो, ग्राइंडर नंतर.

गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण पत्रा सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो ऑक्सिजन कमी असतो त्या जागी. सांध्याच्या तोंडाशी पाण्याला हवा भरपूर मिळते, आत खोलवर मिळत नाही. या फरकामुळे एकाच पत्र्याची लहानशी बॅटरी होते. आतलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच तोंडाशी जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. रस्त्यावरचं किंवा समुद्राकाठचं मीठ पाण्यात आलं की ही बॅटरी जोरात चालते, कारण खारं पाणी वीज चांगली वाहतं. शिवाय क्लोराइड फटीत ओढलं जातं आणि तिथलं पाणी आम्लधर्मी होत जातं. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा मागतो. जागा मिळत नाही म्हणून तो दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतो, सांधा आणखी उघडतो, आणखी पाणी आत जातं. वर तो स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. बाहेर कडक ऊन असलं तरी सांधा आतून ओलाच राहतो.

इस्टेटमध्ये असे सांधे सेडानपेक्षा जास्त असतात आणि वाईट जागी असतात. लांबलचक छपराच्या पन्हळी, मागच्या बाजूच्या मोठ्या काचांचे रबर, मागच्या दाराची चौकट, दिव्यांची गॅस्केटं, छतावरच्या कॅरिअरचे बोल्ट, या सगळ्यांतून पाणी शिरू शकतं. शिरलेलं पाणी आतल्या कमानीवरून ओघळतं आणि तिच्यामागच्या खोलगट कप्प्यात नाहीतर स्टेपनीच्या खळग्यात साठतं. वर गालिचा, त्याखाली नमदा, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच कमानीच्या बाहेरच्या अंगाला चाक चिखल मारत असतं. दोन्हीकडून ओल आणि मध्ये दोन पत्र्यांची दुमडलेली कड. पहिला फुगा तिथे येतो यात नवल नाही. काही गाड्यांचं दुखणं तर याहून निराळं असतं. १९५३ ते १९७१ या काळात बनलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरचा मागचा भाग ॲश लाकडाच्या सांगाड्यावर उभा असतो. ते लाकूड शोभेचं नाही, भार घेणारं आहे. ते कुजलं तर नुसतं पॉलिश करून भागत नाही, बदलावंच लागतं.

काचा आणि रबर काढण्याआधी एक चाचणी करून घ्यावी, कारण नंतर पुरावाच उरत नाही. गालिचा आणि आतली पॅनेलं काढा. एकाने टॉर्च घेऊन मागे बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडायचं. सुरुवात खालून: आधी मागच्या दाराची खालची कड, मग दिवे, मग बाजूच्या काचा, शेवटी छपराची पन्हळ. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा.

त्यानंतर पत्रा वाजवून पाहायचा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला बद्द वाजतो. चुंबक जिथे सैल धरतो तिथे जुन्या पुट्टीचा थर असतो. गाडीचं चित्र काढून त्यावर सगळ्या खुणा करा. प्रत्यक्षात कापायला लागणारा भाग दिसणाऱ्या भोकापेक्षा दोन-तीन पट निघतो, हे धरूनच पत्र्याचा आणि दिवसांचा हिशेब करावा.

आकार जपणं

इथे बऱ्याच गाड्या कायमच्या बिघडतात. या गाड्यांना बहुधा वेगळी चॅसिस नसते, बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, साधारणपणे आतला, मधला आणि बाहेरचा अशा तीन पत्र्यांची असते आणि गाडी मधून वाकू न देण्याचं मोठं काम तिचं. सेडानला मागच्या सीटमागे आडवी भिंत किंवा पट्टी असते, ती पिळाला विरोध करते. इस्टेटमध्ये तिथे सामानासाठी मोकळी जागा. त्यामुळे पीळ अडवायची जबाबदारी फरशी, सिल, छप्पर आणि मागच्या दाराच्या चौकटीवर पडते. यातलं काही कापलं आणि गाडी चुकीच्या जागी टेकलेली असली, तर ती काही मिलिमीटर झुकते. तशीच वेल्ड झाली की दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

म्हणून कापण्याआधी गाडी समपातळीत घ्या. वजन शक्यतो सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथे स्टँडवर यावं. मधोमध टेकू दिला तर दोन्ही टोकं खाली येतात. दारं लावलेलीच ठेवा आणि त्यांच्या चहूकडच्या फटी मोजून लिहा. दाराच्या चौकटीचे आणि मागच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. मग २५ मिमीच्या चौकोनी पाइपाचे आडवे-तिरके आधार दाराच्या चौकटीत आतल्या बाजूने वेल्डच्या एकेका टाक्याने टाचून घ्या, दार बंद होईल अशा बेताने. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचाही एकच थर. आतला सिल बसवून फटी पुन्हा मोजल्याशिवाय मधल्याला हात लावू नये.

आगीबद्दल ढिलाई चालत नाही. बॅटरी बाहेर, अल्टरनेटरच्या तारा सुट्या, पेट्रोलची टाकी काढून दूर. नुसती रिकामी करून भागत नाही, कारण भडका रिकाम्या टाकीतल्या वाफेचा होतो. ती वाफ हवेपेक्षा जड असते आणि गाडीखालच्या खड्ड्यात साठते. खालचं डांबरी अंडरकोट, सीलंट आणि फोम वेल्डच्या जागेपासून हातभर खरवडून टाका. अग्निशामक हाताशी हवा आणि शेवटचा टाका मारल्यानंतर निदान तासभर गाडी सोडून जायचं नाही, कारण नमदा आतून धुमसत राहतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग तर मुळीच नको. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीच्या, उष्णतेत त्यापासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून घासताना मास्क लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. काचाही आधी काढा, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग कायमचे राहतात.

कापणं आणि जोडणं

कारखान्यातले स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडणारे सांधे, ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड ड्रिलने वरच्या पत्र्यापुरतेच पोखरायचे, म्हणजे खालचा पत्रा शाबूत राहतो. कापत जाताना पत्रा चकचकीत आणि पुरेसा जाड लागेपर्यंत जा. बाहेरचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिमी असतो, सिलच्या आतले थर त्याहून थोडे जाड आणि खालचे दांडे १.५ ते २ मिमी. गंजाने अर्धा खाल्लेल्या कडेवर वेल्ड टिकत नाही. आर्क लागताच ती वितळून भोक पडतं, ते भरायला गेलं की आणखी मोठं होतं. असं झालं की दोष वेल्डिंग मशिनचा नसतो, पत्रा अजून कापायला हवा होता.

नव्या पत्र्याचा नमुना आधी पुठ्ठ्याचा कापा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साठतो. बाहेरच्या पत्र्यावर ठिगळ नुसतं वर चढवून वेल्ड करणं सोपं असतं, पण त्याने आपणच दोन पत्र्यांची नवी फट तयार करतो. सुरुवातीला सांगितलेली बॅटरी तिथे पुन्हा चालू होते. म्हणून कडेला कड भिडवून, मध्ये जेमतेम अर्धा ते एक मिमी अंतर ठेवून जोडावं. जिथे मुळातच चढवलेला सांधा आहे, तिथे दोन्ही पृष्ठभागांवर वेल्ड करता येणारा झिंक प्रायमर लावून मगच पत्रे आवळावेत.

मिग वेल्डिंगला, ज्यात तार मशिनमधून आपोआप पुढे येते आणि भोवती वायू सोडला जातो, ०.६ मिमीची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, मिनिटाला ८ ते १२ लिटर. १ मिमी पत्र्याला ४० ते ६० अँपिअर पुरतात. पण खरी सेटिंग त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावरच जुळते. आवाज एकसारखा चुरचुरणारा आला की जमलं. फटफट करत तार ढकलली जात असेल तर तारेचा वेग जास्त आहे. सलग रेघ ओढायची नाही. एकेक सेकंदाचे टाके, आधी २५-३० मिमी अंतरावर, मग मधल्या जागा, दर वेळी लांबच्या टोकाला जाऊन. हात लावता येईल इतका पत्रा निवाल्याशिवाय शेजारचा टाका नको.

एवढी सबुरी का, तर तापलेला पत्रा फुगू पाहतो आणि भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मऊ झालेलं लोखंड मग जागच्या जागी जाड होतं आणि निवताना मात्र पूर्ण आकसतं. शेवटी ते पहिल्यापेक्षा लांबीला कमी भरतं आणि आजूबाजूचा पत्रा ओढून त्याला पोक आणतं. इस्टेटच्या लांब, सपाट बाजूवर हे लगेच डोळ्यांत भरतं. उपाय म्हणजे वेल्ड घासून सपाट करायचा, पाठीमागे लोखंडी डॉली धरायची आणि हातोडीने हलके ठोके देत आकसलेली रेघ पुन्हा ताणायची. ग्राइंडरही दाबून चालवू नका. पत्रा निळा पडला की तोही तापलाच.

स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्यात ६ ते ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरतात. आर्क खालच्या पत्र्यावर मधोमध लावून गोल फिरवत बाहेर आणायची. आधी दोन भंगार तुकडे जोडून छिन्नीने उचकटून पाहा. खालच्या पत्र्याचा लचका निघाला तर सांधा पक्का. वेल्डची टिकली अलगद सुटून आली तर करंट कमी पडतोय.

जो पत्रा जाड आहे पण खड्ड्याखड्ड्यांचा झालाय, तिथे तारेचा ब्रश गंजाला नुसती चकाकी आणतो, खड्ड्यातला गंज तसाच राहतो. अशा उघड्या जागी फॉस्फोरिक आम्ल चालतं, ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं. नंतर नीट धुऊन लगेच सुकवायचं. सांध्यात मात्र आम्ल जाऊ देऊ नका, तिथून ते धुता येत नाही आणि पत्रा खात बसतं. बिजागऱ्या, ब्रॅकेट अशा सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस उत्तम: भाग ऋण टोकाला, साधं लोखंड धन टोकाला, बारा व्होल्ट. स्टेनलेस स्टील धन टोकाला लावलं तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हे काम उघड्यावर करा.

रंगाचा क्रम ठरलेला आहे. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग सांध्यांवर पॉलियुरेथेन सीलंट, मग पुट्टी आणि तीही २-३ मिमीपेक्षा जाड नाही. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. ती थेट लोखंडावर बसली की तीच ओल पत्र्यापर्यंत पोचवते. साधा सरफेसर प्रायमरही सच्छिद्र असतो. तेवढ्यावर गाडी पावसाळाभर उभी ठेवली तर केलेलं काम आतून पुन्हा गंजतं. दोन घटकांच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. ते फवारायला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा फिल्टर पुरत नाही. तशी सोय नसेल तर फवारणी दुसऱ्याकडून करून घेणंच बरं.

वेल्ड केलेल्या प्रत्येक पत्र्याची पाठ जळालेली असते आणि तिथे ब्रश पोचत नाही. तिथे पोकळीत मारायचं मेण लागतं, लांब नळीने, सगळं वेल्डिंग आणि रंग संपल्यावर. आधी मारलं तर पुढच्या वेल्डला ते पेटतं. उबदार दिवस निवडा, म्हणजे मेण पातळ राहून केशाकर्षणाने सांध्यात शिरतं. खालच्या कडेच्या भोकांतून ते ठिबकू लागलं की पोचलं समजायचं. दुसऱ्या दिवशी तीच भोकं तारेने मोकळी करा. मेणाने बुजलेलं निचऱ्याचं भोक म्हणजे सिलमध्ये भरलेली पाण्याची टाकी.

शेवटी नवे रबर बसवल्यावर, गालिचा अंथरण्याआधी, तीच नळी पुन्हा काढा. स्टेपनीच्या खळग्यात आणि कमानींमागच्या कप्प्यांत कोरडा टिश्यू कागद पसरा, त्याच क्रमाने खालून वर दहा-दहा मिनिटं पाणी सोडा आणि एकेक कागद उचलून पाहा. कुठे ओला लागला तर तिथलं रबर पुन्हा काढून बसवायचं.