डिरेक्शनल बोर्ड नवशिक्यांसाठी नाहीच?

काइटसर्फिंग, म्हणजे काइटच्या (मोठ्या पतंगाच्या) ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकणं, शिकायचं तर दोन्ही बाजूंना सारखा चालणारा ट्विनटिप बोर्डच घ्या, एकाच दिशेने चालणारा डिरेक्शनल बोर्ड मुरलेल्यांसाठी, असं सर्रास सांगितलं जातं. इतिहास उलटा आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ पसरला तेव्हा बहुतेक जण डिरेक्शनलवरच शिकले. ट्विनटिप नंतर रुळला.

भीतीचं मूळ एकच: डिरेक्शनलचं पुढचं टोक ठरलेलं असतं, म्हणून दिशा बदलली की पायही बदलावे लागतात. पण ते पहिल्याच दिवशी जमायला हवं असं कुणी सांगितलं? थांबा, पाण्यात बसा, बोर्ड हाताने फिरवा आणि पुन्हा उठा. दिसायला बावळट, पण चालतं. पुढे पाय बदलायची वेळ येईल तेव्हा काइट उंच ठेवा, बोर्ड सपाट करा, मागचा पाय पुढच्याजवळ आणा आणि मगच पुढचा मागे न्या. नजर पायांकडे गेली की तोल गेलाच म्हणून समजा.

उलट फायदाच आहे. जास्त तरंगणारा बोर्ड कमी वाऱ्यातही चालत राहतो आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर चढणं सोपं जातं. नवशिक्याची निम्मी दमछाक तिथेच वाचते.

खरी अडचण वेगळी आहे. पाय अडकवायचे पट्टे नसलेला बोर्ड, तुम्ही पडल्यावर, दूर जातो. म्हणून बॉडी ड्रॅग, म्हणजे बोर्डाशिवाय काइटच्या ओढीने पाण्यातून सरकणं, आधी पक्कं करा. बोर्ड दोरीने स्वतःला बांधायचा मोह मात्र टाळा. ताणलेली दोरी तो थेट डोक्यावर आणू शकते.