लूनी ट्यून्स की मेरी मेलडीज?

रंगीत वर्तुळांच्या मधून 'डब्ल्यूबी'ची ढाल धावत पुढे आली की आपण खुशाल म्हणतो, लूनी ट्यून्स लागलं. पाटी नीट वाचली तर बऱ्याचदा तिथे 'मेरी मेलडीज' असतं. (हे 'मेरी' हिंदीतलं नव्हे, आनंदी या अर्थाचं.) दोन्ही कार्टूनमालिका वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकी चित्रपट कंपनीच्या. सुरुवातीची बरीच वर्षं निर्माताही एकच, लिऑन श्लेसिंगर. मग दोन नावं कशाला?

गाणी खपवायला! बोलपट आल्यावर वॉर्नरने संगीत प्रकाशनाच्या कंपन्या विकत घेतल्या होत्या. १९३० साली बॉस्को या पात्राला घेऊन लूनी ट्यून्स सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी मेरी मेलडीज आलं. यात ठरावीक नायक नसला तरी चाले, पण वॉर्नरच्या मालकीच्या गाण्याचं निदान ध्रुवपद तरी वाजलंच पाहिजे, अशी अट होती. थोडक्यात, हसवता हसवता केलेली जाहिरात. दोन्ही नावांवर डिस्नेच्या 'सिली सिम्फनीज' या कार्टूनमालिकेची छाप तर उघडच दिसते.

खरा भेद पडला तो रंगाने. १९३४पासून मेरी मेलडीजला रंग मिळाला. तोही आधी दोनच रंगांचा, कारण तीनरंगी टेक्निकलर तंत्राचा कार्टूनपुरता मक्ता तेव्हा डिस्नेकडे होता. लूनी ट्यून्स मात्र १९४२-४३पर्यंत कृष्णधवलच राहिलं. त्यात बिचाऱ्या पॉर्की पिगची गंमत झाली: १९३५ साली तो जन्मला रंगीत मेरी मेलडीजमध्ये आणि नाव कमावलं काळ्यापांढऱ्या लूनी ट्यून्समध्ये. बग्ज बनी १९४०च्या 'अ वाइल्ड हेअर'पासून रंगीत घरातच राहिला. लूनी ट्यून्सचा नायक व्हायला त्याला १९४४ उजाडलं.

त्याच वर्षी श्लेसिंगरने स्टुडिओ वॉर्नरला विकला. तोवर दोन्ही मालिका रंगीत झाल्या होत्या, आणि पुढे पाटी कुठली यामागे काही तर्कच उरला नाही. दिग्दर्शक चक जोन्सची 'ससा की बदक' ही शिकारीची त्रयी घ्या. पहिला भाग, १९५१चा 'रॅबिट फायर', लूनी ट्यून्स. पुढचे दोन्ही मेरी मेलडीज. तोच ससा, तेच बदक, तोच शिकारी एल्मर!

तेव्हा डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवा. १९३७नंतर लूनी ट्यून्स 'द मेरी-गो-राउंड ब्रोक डाउन' या धूनवर उघडतं, तर मेरी मेलडीज 'मेरिली वी रोल अलाँग'वर. म्हणजे दोन्ही धूनांच्या नावांत 'मेरी' आहेच, घोळ वाढवायला. १९४३पासून 'ब्लू रिबन' म्हणून पुन्हा दाखवलेल्या जुन्या कार्टून्सपुढे मात्र कानही हात टेकतात: त्यांतल्या कित्येकांची मूळ पाटी श्रेयनामावलीसकट कापून नवी जोडलेली आहे.