अमिनो आम्ल पूरके आणि वजनी व्यायाम

वजने उचलणे, जोर-बैठका अशा प्रतिकार व्यायामानंतर स्नायूंची वाढ चांगली व्हावी म्हणून घेतली जाणारी चूर्णे, गोळ्या किंवा पेये. नागपूरच्या जिममध्ये बहुधा ‘बीसीएए’ (शाखायुक्त साखळीची अमिनो आम्ले) चालते. शेकरमधले रंगीत, आंबटगोड पाणी म्हणजे तेच.

शरीरातील प्रथिने २० अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांतील ९ आहारातूनच मिळवावी लागतात. बीसीएएमध्ये या नऊपैकी तीनच असतात : ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन.

स्नायूंतील प्रथिनांची घडण आणि मोड अखंड चालू असते. वजनी व्यायामाने दोन्ही वाढतात आणि पोट रिकामे असेल तर मोडच वरचढ राहते. प्रथिने खाल्ली की पारडे घडणीकडे झुकते. ल्युसिन पेशीतील एमटॉर या प्रथिनाला चालना देऊन घडण सुरू करते. पण बाकीची आवश्यक आम्ले हाताशी नसतील तर ती शरीराच्याच प्रथिनांच्या मोडीतून घ्यावी लागतात. गवंड्याला कामाचा हुकूम मिळावा आणि विटा मात्र त्याच घराच्या भिंतीतून काढाव्या लागाव्यात, तसे हे आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पायांच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर, बीसीएए नसलेल्या पेयाच्या तुलनेत, घडण २२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. परिणाम खरा आहे; पण ल्युसिनचे तेवढेच प्रमाण असलेल्या व्हे (दुधाच्या निवळीतील) प्रथिनाने याहून बरीच जास्त वाढ होते, कारण त्यात नऊही आम्ले असतात.

व्यायामाने स्नायूंना आलेली प्रथिनांची ही वाढीव ग्रहणक्षमता निदान २४ तास टिकते. त्यामुळे शेवटचा सेट संपताच पूरकाचा डबा उघडण्याची घाई करायचे कारण नाही. एका वेळी २० ते २५ ग्रॅम आणि दिवसभरात शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या तरुणाला ९६ ग्रॅम.

खरी उणीव ताटात असते. पहाटेचा व्यायाम आटोपून कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले जातात. चव अप्रतिम, पण पोह्यांत प्रथिने थोडी आणि वरच्या तर्रीत चणे मोजकेच. त्यासोबत तीन उकडलेली अंडी घेतली तर सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. वरण-भाताची जोडी उत्तम, कारण डाळीत कमी असलेले मेथिओनिन तांदळातून आणि तांदळात कमी असलेले लायसिन डाळीतून मिळते. मात्र वरण घट्ट हवे. शाकाहारी माणसाला सर्वांत सोयीची सोयाबीनची वडी : ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, तीही नऊही आवश्यक आम्लांसह. ज्या विदर्भात सोयाबीन शेतोशेती पिकते, तिथल्या पोरांनी आधी महागडा डबा घ्यावा, हे पटत नाही.

साठीपुढच्या माणसांची गोष्ट वेगळी. त्यांचे स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात आणि भूकही कमी होते. त्यांना ल्युसिनयुक्त, नऊही आवश्यक आम्लांचे पूरक हलक्या वजनी व्यायामासोबत उपयोगी पडू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.