गोफण, काळी माती आणि ४१३ चेंडू

ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडे अजूनही एखादा म्हातारा धुऱ्यावर उभा राहून पाखरांवर गोफण फिरवताना दिसतो. सॉफ्टबॉलचं पिचिंग, म्हणजे बॅटवालीकडे चेंडू टाकणं, शिकवताना मुलींना मी तोच दाखवतो. गोफण डोक्यावर फिरते, पिचरचा हात कुशीला घासून खालून येतो. पण नेमकं कधी सोडायचं, सगळं कसब त्यातच.

हा खेळ १८८७ मध्ये शिकागोतल्या एका सभागृहात सुरू झाला. बॉक्सिंगचा हातमोजा बांधून चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट. पुढे चेंडू कमरेखालूनच टाकायचा हा नियम पक्का झाला आणि त्या बंधनातूनच हात पूर्ण गोल फिरवणारी ‘विंडमिल’ आली. महिलांच्या सामन्यात पिचर आणि होम प्लेट (बॅटवाली उभी राहते ती जागा) यांच्यात फक्त ४३ फूट अंतर असतं. चांगल्या पिचरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपाशी पोचतो.

वऱ्हाडात मैदानी खेळांचं वेड जुनंच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि १९३६ मध्ये त्यांचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवायला गेलं होतं. अमरावतीत शिकलेले क्रीडाशिक्षक खेड्यापाड्यांतल्या शाळांत गेले. आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आला तो अशाच एका सरांच्या पिशवीतून, दोन ग्लोव्ह आणि एका बॅटसह.

पिचिंगला इथली खरी अडचण मातीची. चेंडू सुटताना मागच्या पायाचं बोट जमिनीवर घासत पुढं यावं लागतं. पावसाळ्यात बुटाला काळी माती लोंबते, उन्हाळ्यात बुटाचं टोक भेगेत अडकतं. पोरीचा गुडघा मुरगळला तेव्हा आम्ही वर्गणी काढून तेवढ्या जागेवर मुरूम टाकून घेतला.

मुलींना मी ज्या पिचरबद्दल सांगतो, ती जपानची युकिको उएनो. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये चीनच्या एकाही खेळाडूला तिनं बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावरही, पोचू दिलं नाही. २० ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये ती सकाळी अमेरिकेविरुद्ध ९ इनिंग (डाव) टाकून हरली आणि त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ इनिंग टाकून जिंकली. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, पुन्हा अमेरिका, पुन्हा तीच. जपान ३-१ नं जिंकला. दोन दिवसांत ४१३ चेंडू! त्या आकड्यावर मी दर वेळी थांबतो. आमची पोर ६० चेंडूंनंतर खांदा धरून बसते.

पण २००५ मध्येच ठरलं होतं की २०१२ पासून ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल नाही. खेळ परत आला तो टोकियोत, २०२१ मध्ये. तेव्हा उएनो ३९ वर्षांची होती. त्याआधी २०१९ मध्ये चेंडू लागून तिचा जबडा मोडला होता. तरी अंतिम सामन्याची सुरुवात तिनंच केली आणि शेवटच्या इनिंगला परत येऊन सामना संपवलाही. अमेरिका पुन्हा हरली, २-० नं.

आमच्या पोरींचा खेळ बहुधा बारावीला सुटतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्या आशेवर काही घरं आणखी दोन वर्षं थांबतात. उएनोची ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या पिचरनं विचारलं, “सर, मंग मधातले तेरा वर्स थे काय करत होती?”

म्हटलं, “बाई, चेंडू टाकत होती. कंपनीच्या संघाकडून, दरवर्षी. २०१२ आणि २०१४ ला जपाननं विश्वविजेतेपदही जिंकलं, त्या संघात ती होती.”

ती उठली, चेंडू उचलला आणि मुरमावर जाऊन उभी राहिली.