जुन्या कॉम्प्युटरमधली गाणी : फॉरमॅट मारण्याआधी शोधून घ्या

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुनं मशीन बदलायला आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात रोज कोणी ना कोणी येतं. बऱ्याच जणांचं सांगणं एकच असतं, "त्यात कामाचं काही नाही, फॉरमॅट मारा." आम्ही लगेच मारत नाही. आधी विचारतो, "गाणी बघितलीत का?"

आपलं मिरज तंबोऱ्यांचं गाव. इथल्या घरांतल्या हार्डडिस्कवर बाजारातल्या गाण्यांबरोबर क्लासमध्ये गुरुजींनी सांगितलेली बंदिश असते, घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग असतं, आजोबांची भूपाळी असते. असं रेकॉर्डिंग एकदा पुसलं की ते दुसरीकडे कुठे मिळत नाही. म्हणून हे पत्रक.

गाणी म्युझिक फोल्डरमध्ये असतात असं सगळे धरून चालतात. तिथे बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. नेटवरून घेतलेलं गाणं डाउनलोड्समध्ये पडतं, घाईत कॉपी केलेलं डेस्कटॉपवर, मोबाइलमधून घेतलेलं डी ड्राइव्हवरच्या 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरमध्ये. घरात मुलांचं लॉगिन वेगळं असेल तर त्यांचं म्युझिक फोल्डरही वेगळं असतं. सी ड्राइव्हमधलं 'युजर्स' फोल्डर उघडलंत की प्रत्येकाच्या नावाचं घर तिथे दिसेल.

एकेक फोल्डर उघडत बसण्यापेक्षा सर्च द्या. 'धिस पीसी' उघडा आणि उजवीकडे वरच्या सर्चच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत टाइप करा : स्टारचं चिन्ह, टिंब, मग एमपी३. सगळ्या ड्राइव्हवरच्या एमपी३ फाइल एका यादीत येतील. डी ड्राइव्हला वेळ लागतो. वरची हिरवी पट्टी पूर्ण होईपर्यंत खिडकी बंद करू नका. मग स्टार-टिंब तसंच ठेवून डब्ल्यूएव्ही, डब्ल्यूएमए, एम४ए हे प्रकारही शोधा.

नावाने शोधू नका असं आम्ही मुद्दाम सांगतो. मराठी गाण्याचं नाव इंग्रजीत प्रत्येकाने आपापल्या परीने लिहिलेलं असतं. 'विठ्ठल' लिहिताना कोणी एक टी घालतं, कोणी दोन, कोणी शेवटी एक ए जोडतं. सीडीवरून घेतलेल्या गाण्यांचं नाव तर नुसतं 'ट्रॅक ०१' असतं. तुम्हाला बैठकीचं रेकॉर्डिंग हवं असेल तर यादी आकाराप्रमाणे लावा. नेहमीच्या दर्जाच्या (१२८ केबीपीएस) एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो. म्हणजे पाच मिनिटांचं भावगीत ५ एमबीच्या आसपास आणि चाळीस मिनिटांचा ख्याल ४० एमबीच्या आसपास. मोठ्या फाइल वर आल्या की बैठका आपोआप वेगळ्या दिसतात.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मात्र या यादीत येईलच असं नाही. एक काकू सीपीयू घेऊन आल्या होत्या. त्यांच्या आईच्या ओव्या बटणांच्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या होत्या. एमपी३चा शोध दिला, अकराशे गाणी आली, ओव्या नव्हत्या. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, पुसल्या असतील." मग स्टार-टिंब-एएमआर असा शोध दिला; जुने मोबाइल आवाज याच प्रकारात रेकॉर्ड करायचे. चार फाइल निघाल्या. तिसरी जेमतेम १४० केबीची, दीड मिनिटाची. आधी भांड्यांचा आवाज, मग "चालू झालं का गं?" असा प्रश्न आणि लगेच ओवी. काकूंनी ती दुकानात तीनदा ऐकली. तेव्हापासून प्रत्येक मशीनवर आम्ही एएमआर शोधतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आवाजी निरोप कॉम्प्युटरमध्ये घेतले असतील तर ते बहुधा ओपस प्रकारात असतात. त्यांचाही वेगळा शोध द्या.

आता फसगत होते ती ठिकाणं. ऑडिओ सीडी उघडून आतल्या फाइल कॉपी-पेस्ट केल्या असतील तर तुमच्याकडे सीडीए नावाच्या, प्रत्येकी ४४ बाइटच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. त्या फक्त गाणं सीडीवर कुठे आहे ते सांगतात, गाणं सीडीतच राहतं. सीडी टाकून देऊ नका, आमच्याकडे आणा, प्लेअरमधून 'रिप' करून खरी फाइल बनवून देऊ. प्लेलिस्टचंही तसंच. तीत गाण्यांचे पत्ते असतात, गाणी नसतात, त्यामुळे नुसती प्लेलिस्ट पेनड्राइव्हवर घेऊन उपयोग नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये गाणं वाजत असेल तर कंट्रोल धरून आय दाबा; खाली 'लोकेशन'च्या रकान्यात फाइलचा खरा पत्ता दिसतो.

पेनड्राइव्ह उघडल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर त्यांवर क्लिक करू नका, आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नका. हा जुना शॉर्टकट व्हायरस. तो गाणी सहसा पुसत नाही, फोल्डर लपवतो. 'धिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. आत काही दिसत नसताना ३ जीबी जागा भरलेली दाखवत असेल तर बहुतेक माल जागेवर आहे आणि बाहेर काढता येतो.

विंडोज नव्याने टाकली आणि डिस्क फॉरमॅट केली नव्हती, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर बघा. जुनं डेस्कटॉप, जुनं म्युझिक सगळं त्यात असतं. अपग्रेडनंतर विंडोज ते साधारण १० दिवसांनी आपोआप काढून टाकते, म्हणून उशीर नको. चुकून डिलीट झालेल्या गाण्यांसाठी आधी रिसायकल बिन बघा. तिथे नसतील तर मशीन बंद करा आणि फोन करा. साध्या हार्डडिस्कवरून बऱ्याचदा परत मिळतात, एसएसडीवरून, म्हणजे नव्या चिपच्या डिस्कवरून, आशा फार कमी.

सापडलेली गाणी कट करू नका, कॉपी करा. मध्येच लाइट गेली तरी मूळ फाइल जागेवर राहते. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलची संख्या जुळवा आणि दोन-चार गाणी नव्या जागेवरून वाजवून बघा.

दुकानात येताना फक्त सीपीयू आणा, मॉनिटर-कीबोर्ड नको. जुने पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, सीड्या सापडतील तेवढ्या बरोबर घ्या. एका कागदावर दोन गोष्टी लिहा : घरात कोणाकोणाचं लॉगिन आहे आणि रेकॉर्डिंग अंदाजे कोणत्या साली केलं होतं. साल कळलं की तारखेप्रमाणे यादी लावून आम्हाला शोधता येतं. पासवर्ड कागदावर लिहू नका, समोर बसून स्वतः टाका.