वैधमापन निरीक्षक

वैधमापन निरीक्षक : व्यापारातली वजने, मापे, काटे व मोजणी यंत्रे तपासणारा, ती खरी ठरल्यास त्यांवर शासकीय मोहोर उमटवणारा आणि मापात पाप करणाऱ्यावर कारवाई करणारा राज्य शासनाचा अधिकारी. महाराष्ट्रात वैधमापन शास्त्र यंत्रणा अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. निरीक्षकाचे अधिकार वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ यातून येतात. हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला आणि त्याने १९७६ व १९८५ सालच्या वजन-मापविषयक कायद्यांची जागा घेतली. निरीक्षकांचे मूलभूत प्रशिक्षण रांची येथील भारतीय वैधमापन संस्थेत होते.

निरीक्षकाकडची वजने आधी स्वतः तपासून घ्यावी लागतात. ती कार्यकारी प्रमाणे, म्हणजे रोजच्या तपासणीत वापरायची प्रमाणित वजने होत. त्यांची तुलना दुय्यम प्रमाणांशी, दुय्यमांची संदर्भ प्रमाणांशी, आणि ही साखळी शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मधली एक कडी जरी मुदतबाह्य असली तरी त्या वजनांनी केलेली तपासणी न्यायालयात टिकवणे अवघड होते. म्हणून जाणता व्यापारी निरीक्षकाच्या वजनांचे प्रमाणपत्र आधी पाहायला मागतो, आणि तसे मागण्यात काही वावगे नाही.

तराजू, लोखंडी वजने, लिटरची मापे, मीटरपट्टी यांची फेरपडताळणी दर दोन वर्षांनी होते. इलेक्ट्रॉनिक काटे, वजनकाटे (अख्खी गाडी तोलणारे) आणि पेट्रोल पंपांची यंत्रे यांची दरवर्षी. मोहोरेत वर्ष आणि तिमाहीचे अक्षर असते. पडताळणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. यंत्र दुरुस्त केले, तर मुदत शिल्लक असली तरी ते पुन्हा तपासून मोहोरबंद करून घ्यावे लागते. दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते. बहुतेक लबाडी याच फटीतून शिरते. सील तुटते, दुरुस्तीचे निमित्त सांगितले जाते आणि फेरपडताळणी राहून जाते.

बाजारातल्या युक्त्या जुन्या आहेत. तराजूला पासंग लावणे, दगडाचे वजन वापरणे, लोखंडी वजनाच्या भोकातले शिसे उकरून काढणे (मोहोर त्याच शिशावर असते, म्हणून निरीक्षक आधी तिथेच पाहतो). इलेक्ट्रॉनिक काट्यात अंशशोधनाचे (कॅलिब्रेशनचे) बटण सीलबाहेर ठेवून आकडा सरकवला जातो. ३० किलोच्या, ५ ग्रॅम टप्प्याच्या (आकडा पाच-पाच ग्रॅमने बदलणाऱ्या) दुकानी काट्याला पडताळणीवेळी अडीच किलोपर्यंत २.५ ग्रॅम, दहा किलोपर्यंत ५ ग्रॅम आणि त्यापुढे ७.५ ग्रॅम चूक माफ असते. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. तपासताना वजन फक्त मधोमध ठेवून भागत नाही. कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश भार चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावा लागतो, कारण वाकलेला पाट किंवा दुखावलेला भारसंवेदक (लोडसेल) मध्यावर खरे बोलतो आणि कडेला खोटे.

पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे व ग्राहक त्यात मोजून मागू शकतो. माप आधी इंधनाने ओले करून रिकामे करतात, ठिबक थांबू देतात, मग सपाट जागी ठेवून भरतात आणि मानेवरच्या पट्टीवर वाचतात. कोरड्या मापात भरल्यास थोडे इंधन आतल्या भिंतीला चिकटते आणि पंप निर्दोष असूनही कमी दिसतो. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंत फरक माफ आहे. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या तपासात पंपांच्या यंत्रांत बसवलेल्या चिप उघडकीस आल्या. यंत्रातला पल्सर इंधनाच्या प्रवाहाचे विद्युत स्पंदांत रूपांतर करतो. स्पंद वाढवले की कमी इंधनाला जास्त आकडा दिसतो. अशी चिप दूरनियंत्रकाने बंद करता येत असेल तर ठरलेल्या वेळेची तपासणी निष्फळ ठरते. म्हणूनच आधी गिऱ्हाईक बनून खरेदी, मग ओळख, आणि त्यानंतर पल्सर व यंत्राच्या मुख्य इलेक्ट्रॉनिक पाटीवरच्या (मदरबोर्डवरच्या) सीलची पाहणी, असा क्रम उपयोगी पडतो. पंपावरील साठवण व स्फोटक सुरक्षेचा परवाना मात्र नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेकडे आहे, वैधमापनाकडे नाही.

महाराष्ट्रात या कामाची खरी कसोटी लागते ती गाळप हंगामात, साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर. उसाचा दर टनावर असतो. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. समजा एका खेपेत दोनशे किलो मारले आणि दिवसाला पाचशे गाड्या आल्या, तर रोजचे शंभर टन, म्हणजे साडेतीन लाख रुपयांहून अधिक ऊस शेतकऱ्यांच्या खात्यावर चढतच नाही. काटामारीच्या तक्रारींमुळे जिल्हा प्रशासन भरारी पथके नेमते. त्यात महसूल, पोलीस आणि वैधमापन यांचे अधिकारी असतात. शेतकरी संघटनेचा प्रतिनिधी घेतल्यास पंचनाम्यावर विश्वास बसतो.

पन्नास टनी, दहा किलो टप्प्याच्या वजनकाट्याला पाच टनांपर्यंत ५ किलो, वीस टनांपर्यंत १० किलो आणि त्यापुढे १५ किलो चूक माफ असते. वापरातल्या काट्याला दुप्पट. म्हणजे भरलेली गाडी ३० टनांची आणि रिकामी १० टनांची धरली, तर दोन्ही चुका एकमेकींत मिळवल्या तरी निव्वळ वजनात ५० किलोंहून जास्त फरक पडायला नको. हा हिशेब शेतकऱ्याने पाठ करावा असा आहे. क्विंटल-दोन क्विंटलांच्या तुटीला ‘काट्याची चूक’ म्हणता येत नाही.

पथक आल्यावर पहिले काम म्हणजे आधीच वजन झालेली, पण गव्हाणीकडे (ऊस गाळपाला टाकतात तिथे) न गेलेली गाडी परत काट्यावर घेणे. वजनपावती आणि नवा आकडा जुळतो का, हे तिथल्या तिथे कळते. मग रिकाम्या काट्यावर शून्य, प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना व मध्यावर तोच भार, आणि चाचणी वजने. पुरेशी वजने नसतील तर ठरावीक वजने ठेवून, मग त्यांच्या जागी तेवढ्याच भाराची गाडी आणून टप्प्याटप्प्याने वर जातात. त्यानंतर सील. दर्शक पेटी आणि भारसंवेदकांच्या तारा जिथे एकत्र येतात ती जोडपेटी, दोन्ही मोहोरबंद हव्यात. दर्शक आणि संगणक यांच्यामध्ये आकडा बदलतो का, हेही पाहावे लागते. काटा खरा आणि पावती खोटी असा प्रकार केवळ वजने ठेवून सापडत नाही.

प्रत्येक फरक लबाडीचा नसतो, हेही निरीक्षकाला ठाऊक असावे लागते. प्लॅटफॉर्मच्या कडेला चिखल-पाचट अडकले की काटा मोकळा हलत नाही. उंदराने तार कुरतडली, खड्ड्यात पाणी साचले, तरी आकडा डळमळतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर काट्यापेक्षा लांब असेल आणि ट्रॉल्या न सोडता एकेक तोलल्या, तर जोडदांड्यातून भार इकडचा तिकडे जातो. बाहेरच्या काट्यावर वजन करून आलेली गाडी कारखान्याबाहेर रात्रभर उभी राहिली तर ऊस वाळतो, वजन थोडे उतरते. मात्र रिकाम्या गाडीचे जुने, साठवलेले वजन प्रत्येक खेपेला वापरणे हा निष्काळजीपणा मानून सोडून देऊ नये. रिकामी गाडी दर खेपेला तोललीच पाहिजे.

दोष आढळल्यास दोन पंचांसमक्ष पंचनामा होतो, काटा बंद केला जातो किंवा यंत्र जप्त होते आणि प्रकरण दंड वा खटल्याकडे जाते. यंत्रणेची मर्यादा उघड आहे. मोहोर तपासणीच्या दिवसाची ग्वाही देते, पुढच्या खेपेची नाही. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला एकदाच, आगाऊ कळवून केलेली तपासणी कागदावर पूर्ण असली तरी उपयोगाची फार नसते. रात्रपाळीत अचानक जाणारे पथक अधिक पकडते.

तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. तीत काट्याचा क्रमांक, तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि बाहेरचा व कारखान्याचा अशा दोन्ही काट्यांच्या मूळ पावत्या असाव्यात. दोन वजनांमधला वेळ आणि गाडीत भरलेले डिझेल यांचीही नोंद असेल तर ‘ऊस वाळला’ या उत्तराची शहानिशा निरीक्षकाला जागेवरच करता येते.