आधी बाजू, मग वाचन

दामदुपटीची एखादी योजना बुडाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘एवढी शिकली-सवरलेली माणसं, यांना साधं व्याजाचं गणित कळलं नाही?’ चुकीचा समज म्हणजे माहितीची किंवा बुद्धीची उणीव, असं आपण या प्रश्नात धरून चालतो. गेल्या चाळीसेक वर्षांतल्या मानसशास्त्राच्या आणि त्यापाठोपाठ अर्थशास्त्राच्या संशोधनाने या समजुतीला चांगलाच हादरा दिला आहे. माहिती समोर असते, अक्कलही शाबूत असते. पण कोणत्या कागदाची कसून तपासणी करायची आणि कोणता कागद नुसता डोळ्यांखालून घालायचा, हे आपली इच्छा आधीच ठरवून बसलेली असते. इंग्रजीत याला ‘मोटिव्हेटेड रीझनिंग’ म्हणतात. मराठीत ‘हेतुप्रेरित तर्क’ म्हणता येईल.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, अनेकदा डागडुजी केलेलं, आणि त्यातून देश सोडून निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. मग तो स्वतःला समजावतो की इतक्या सफरी हे जहाज सुखरूप करून आलं आहे, याही वेळी परतेल. शंका मावळते, जहाज निघतं, भर समुद्रात बुडतं, आणि मालकाला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे, आणि जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी तेवढाच दोषी ठरला असता. १८९६ साली अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिलं. काही प्रश्नांचा निकाल पुराव्याने लागत नाही आणि थांबूनही चालत नाही. अशा वेळी मनाच्या ओढीने विश्वास ठेवण्याचा हक्क माणसाला आहे, असं त्याचं म्हणणं. दोघांतलं भांडण अजून मिटलेलं नाही.

मला त्या गोष्टीतली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. जहाजमालक खोटं बोलत नव्हता. जहाज धड आहे असं त्याला खरोखर वाटत होतं. हे वाटणं त्याने आणलं कुठून?

कारण विश्वास हुकमावर बसत नाही. बाहेर रणरणतं ऊन असताना ‘पाऊस पडतो आहे असं मनापासून मान, लाख रुपये देतो’ असं कुणी म्हटलं, तर आपण तोंडाने हो म्हणू. मानू शकणार नाही. म्हणजे इच्छेला थेट निष्कर्षावर हात ठेवता येत नाही, तिला आडवाटेने जावं लागतं. काय पाहायचं, किती वेळ पाहायचं आणि शोध कुठे थांबवायचा, एवढंच तिच्या हातात असतं.

१९९२ साली पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ यांनी ही आडवाट फार सुरेख दाखवली. विद्यार्थ्यांना सांगितलं की या कागदाच्या पट्टीवर लाळ लावली की एका विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे की नाही ते कळतं. विकर काल्पनिक होतं, पट्टी साधी होती, तिचा रंग बदलणारच नव्हता. काहींना सांगितलं होतं की रंग बदलला नाही तर प्रकृती ठीक; इतरांना सांगितलं की रंग बदलला नाही तर कमतरता आहे. दुसऱ्या गटातली मुलं पट्टीकडे जास्त वेळ बघत बसली, पुन्हा पुन्हा लाळ लावून पाहू लागली. पहिल्या गटाने ‘ठीक’ दिसताच चाचणी संपवली. कागद तोच, उत्तर तेच, फक्त शोध थांबवण्याची जागा वेगळी.

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टाइन, सॅम्युअल इसाकॅरॉफ आणि कॉलिन कॅमेरर यांनी तो १९९५ साली प्रसिद्ध केला. टेक्सासमधला एक खटला: मोटरसायकलस्वाराला मोटारीची धडक बसली, त्याने चालकावर १ लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. साक्षी-जबान्यांची २७ पानं. प्रयोगातल्या प्रत्येक जोडीत एक जण वादी, दुसरा प्रतिवादी. दोघांनाही तीच पानं. अर्ध्या तासात आपसांत रक्कम ठरवायची. नाही ठरली तर हीच कागदपत्रं वाचून एका खऱ्या न्यायाधीशाने दिलेला निकाल लागू. वेळ लागेल तसा कोर्टखर्च दोघांच्या डोक्यावर चढत जाणार.

बोलणी सुरू होण्याआधी प्रत्येकाने गुपचूप लिहून द्यायचं होतं की न्यायाधीशाने किती भरपाई दिली असेल. अंदाज बरोबर आला तर बक्षीस. इथे अतिशयोक्ती करून काहीच पदरात पडणार नव्हतं, कारण हा आकडा समोरच्याला दिसणार नव्हता. उलट खरा अंदाज बांधण्यातच फायदा होता. तरीही वाद्यांचे अंदाज प्रतिवाद्यांपेक्षा सरासरी सुमारे १८,५०० डॉलरने जास्त निघाले, आणि अंदाजांतली तफावत जितकी मोठी तितकी तडजोड अवघड. अर्थशास्त्रज्ञांना यात धक्का होता. पैसे पणाला लागले की माणूस भानावर येतो, हे त्या शास्त्रातलं लाडकं गृहीतक. इथे पैसे लावूनही भान आलं नाही.

पण प्रयोगाची खरी करामत पुढे आहे. काही जोड्यांना आपण वादी की प्रतिवादी हे पानं वाचण्याआधी सांगितलं, काहींना वाचून झाल्यावर. बाकी सगळं सारखं. आधी सांगितलेल्या जोड्यांपैकी ७२ टक्क्यांची तडजोड झाली. नंतर सांगितलेल्यांपैकी ९४ टक्क्यांची. अंदाजांतली तफावतही १८,५०० वरून जेमतेम ७,००० वर आली.

यावर क्षणभर थांबायला हवं. पक्षपात जर शेवटी, हिशेब मांडताना होत असता, तर भूमिका कधी कळली याने फारसा फरक पडायला नको होता. हिशेबाच्या वेळी सगळ्यांनाच आपली बाजू माहीत होती. फरक पडला, कारण बरीचशी गडबड वाचतानाच झाली. ‘चालकाने ब्रेक उशिरा दाबला’ यासारखं वाक्य वादी ठळक वाचतो, प्रतिवादी त्यावरून पुढे सरकतो. संशोधकांनी दोन्ही बाजूंचे आठ-आठ मुद्दे देऊन त्यांचं महत्त्व विचारलं, तेव्हा ज्याला त्याला आपल्याच बाजूचे मुद्दे वजनदार वाटले. पानं वाचून संपली तोवर दोघांच्या डोक्यात दोन वेगळे खटले तयार झाले होते. त्यानंतर प्रामाणिकपणे विचार करूनही काय उपयोग? कच्चा मालच निवडून आत आलेला.

अर्थशास्त्रज्ञ हीच गोष्ट संभाव्यतेच्या भाषेत मोजतात. समजा, एका चाचणीत दहा जण आहेत आणि तुमचा क्रमांक १ ते १० पैकी कोणताही असू शकतो, सगळ्यांची शक्यता सारखी. पहिल्या पाचांत असण्याची शक्यता ५० टक्के. आता चिठ्ठी काढून उरलेल्या नऊंपैकी एकाशी तुमची तुलना केली आणि तुम्ही वरचढ निघालात. पहिला क्रमांक असेल तर नऊही जणांवर मात होते, दुसरा असेल तर आठांवर, असं उतरत दहाव्याची शून्यावर. सगळ्यांची बेरीज ४५. त्यांपैकी पहिल्या पाचांच्या वाट्याला ९+८+७+६+५, म्हणजे ३५. तेव्हा नवी शक्यता ४५ पैकी ३५, सुमारे ७८ टक्के. हरलात, तर याच न्यायाने ती २२ टक्क्यांवर यायला हवी. नवी माहिती आली की शक्यता किती बदलावी, हे सांगणाऱ्या या गणिताला बेझचा नियम म्हणतात. त्यात चांगली बातमी आणि वाईट बातमी यांना एकच तागडी.

डेव्हिड आइल आणि जस्टिन राव यांनी २०११ साली बुद्धिमत्ता आणि रूप या दोन बाबतींत अशाच तुलना लोकांना कळवल्या. चांगली बातमी आली तेव्हा लोक बेझच्या नियमाला बरेच धरून चालले. वाईट बातमीचं वजन मात्र त्यांनी कमी धरलं. पुढच्या काही प्रयोगांत ही विषमता आढळली नाही, तेव्हा हा वाद चालू आहे. माझ्या मते यात विसंगती नाही. प्रयोगशाळेत बातमी एका ओळीत, स्वच्छ हातात येते; तिच्यावर डोळेझाक करायला वाव कमी. २७ पानांत तो भरपूर असतो, आणि आयुष्य २७ पानांसारखंच येतं.

कुंडली हा अशा सोयीच्या वाचनाचा उत्तम नमुना. भाकीत खरं ठरलं की शास्त्राचा विजय. चुकलं की जन्मवेळ नीट नोंदलेली नव्हती. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली. तिचा वृत्तांत २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद हे सांगायचं होतं. निकाल नाणेफेकीपेक्षा सरस नव्हता. चाचणीचं बळ तिच्या रचनेत आहे. बरोबर कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवलेलं, त्यामुळे नंतर सोयीची पळवाट उरत नाही. ज्योतिष खरं मानणाऱ्याने निदान एवढी एक अट स्वतःला घालून पाहावी: भाकीत कशाने चूक ठरेल, ते आधी कागदावर उतरवायचं.

मग उपाय काय? बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी तोही तपासला, आणि त्याची उत्तरं मला मूळ प्रयोगाइतकीच मोलाची वाटतात. आधी त्यांनी लोकांना या पक्षपाताविषयी उतारा वाचायला दिला. अंदाजांतली तफावत जशीच्या तशी राहिली. समोरचा पक्षपाती असणार हे वाचणाऱ्यांना पटलं. आपण तसे असू हे पटलं नाही. मग समोरच्याच्या बाजूने निबंध लिहायला लावला. त्यानेही सुधारणा झाली नाही. तिसरा उपाय साधा होता: निकाल तुमच्या विरुद्ध जाऊ शकेल अशा, आपल्या बाजूच्या दुबळ्या जागांची यादी करा. एवढ्याने तडजोड फिसकटण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. समोरच्याचं वकीलपत्र घेतलं तरी आपली भिंत आपण तपासतच नाही. ती कुठे पोकळ आहे असं थेट विचारलं, तर नजर तिथे न्यावीच लागते.

आपल्याकडच्या मध्यस्थी केंद्रांत मध्यस्थ दोन्ही पक्षांना वेगवेगळं बसवून हेच विचारतात. तो त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. अडचण वेळेची आहे. व्यापारी दाव्यांत, तातडीचा दिलासा मागितलेला नसेल तर, कोर्टात जाण्याआधी मध्यस्थी २०१८ पासून सक्तीची झाली. बांधाच्या आणि वाटणीच्या दाव्यांना ती सक्ती नाही. तिथे दोन भाऊ मध्यस्थासमोर येतात तेव्हा सातबारा, मोजणीचा नकाशा आणि जुनं वाटणीपत्र दोघांनी वर्षानुवर्षं आपापल्या बाजूने वाचून झालेलं असतं. दुबळ्या जागांची ती यादी मागायची असेल, तर पहिल्यांदा वकिलाकडे कागद घेऊन जातात त्या दिवशी, दावा लिहून घेण्याआधी मागायला हवी.